गाडीला हार घातला, पण फिल्टर बदलला का?



खंडेनवमीला आपण पिकअप आणि ट्रॅक्टर धुतो, झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. ही चाल चांगली आहे. ज्या अवजारावर आपले पोट आहे त्याचा मान राखलाच पाहिजे. पण हार घालताना बॉनेट उचलून आतल्या डिझेल फिल्टरकडे किती जण पाहतात? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

ऊस विकास अधिकाऱ्याने बेण्यावर लिहावे, लागणीवर लिहावे, खतपाण्यावर लिहावे. हा गाडीच्या फिल्टरवर कशाला घसरला, असे कोणी म्हणेल. माझा डिप्लोमा शेतकीचा आहे, मोटारीचा नाही, हेही खरे. परंतु एका सभासदाच्या प्लॉटवर मी ज्या नांग्या पाहिल्या, त्यांचे कारण शोधता शोधता मी जमिनीपाशी नव्हे, तर गाडीच्या फिल्टरपाशी जाऊन पोहोचलो. म्हणून हा लेख.

पूर्वहंगामी लागणीचे दिवस होते. या सभासदाने बेणेमळ्यातून को ८६०३२ चे दहा महिन्यांचे बेणे सकाळी तोडून आपल्या पिकअपमध्ये भरले. रानात सऱ्या पडलेल्या, लागणीला बायका-माणसे आलेली, पाण्याची पाळी धरलेली. गाडी चढाला लागली आणि दम टाकू लागली. कितीही दाबा, ओढेना. वरच्या वळणावर बंदच पडली. सेल्फ मारून मारून बॅटरीही बसली. मेस्त्रीला फोन केला, तर तो दुसऱ्या गावी एका ट्रॅक्टरचे इंजिन खोलून बसलेला. आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. फिल्टर काढून उपडा केला, तेव्हा त्यातून काळा गाळ आणि पेलाभर पाणी निघाले. नवा फिल्टर बसवून अर्ध्या तासात गाडी चालू झाली.

अर्ध्या तासाचे काम, आणि त्यासाठी दीड दिवसाचा खोळंबा. बेणे तोडल्यावर २४ तासांच्या आत जमिनीत गेले पाहिजे, हे आम्ही प्रत्येक मेळाव्यात सांगतो. इथे ऑक्टोबरच्या उन्हात ते ताडपत्रीखाली शिजत पडले. कांड्यांचे डोळे सुकले. आलेल्या बाया परत गेल्या, त्यांची हजेरी द्यावी लागली. पाण्याची पाळी वाया गेली. पुढे उगवण विरळ झाली, नांग्या भरायला रोपे विकत आणावी लागली, आणि मागून लावलेले रोप आधी उगवलेल्या उसाची बरोबरी करीत नाही हे तुम्हांला ठाऊक आहेच. मेस्त्रीचे बिल त्या मानाने किरकोळ होते.

मी प्लॉटवर गेलो तेव्हा सभासद म्हणाला, "सायेब, गाडी एकदम गेली बघा. कालपतुर घोड्यावानी पळत हुती."

थोडे खोदून विचारल्यावर निघाले ते वेगळेच. गाडी पंधरा दिवसांपासून सकाळी उशिरा चालू होत होती. चढाला ओढत नव्हती. आणि समोरच्या काट्यांजवळ एक पिवळा दिवा आठवडाभर लागत होता. तो डिझेलमध्ये पाणी साठल्याचा दिवा. "त्यो कशाचा हाय कुणाला ठावं? डोळ्यांवर येतुय म्हणून पोरानं त्याच्यावर स्टिकर लावला."

उसाचे पान पिवळे पडले की तुम्ही मला बांधावर बोलावता. गाडीने पिवळा दिवा लावला, तर त्यावर आपण स्टिकर चिकटवतो! यात त्या एका सभासदाची थट्टा करायची नाही. आपल्यापैकी पुष्कळांची तीच तऱ्हा आहे.

माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्याच्या दारात डिझेलची पिकअप किंवा ट्रॅक्टर आहे, त्याच्या घरातल्या निदान एका माणसाला डिझेल फिल्टर स्वतःच्या हाताने बदलता आला पाहिजे. आणि एक नवा फिल्टर कायम घरात असला पाहिजे.

हे काही नवीन सांगत नाही. आपल्या वडिलांच्या पिढीकडे हे कसब होते. विहिरीवर ऑइल इंजिन असायचे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात स्थापन झाली, आणि पुढे अशा इंजिनांचा ठोका गावोगावच्या मळ्यांत ऐकू येऊ लागला. इंजिनाने हवा धरली तर मळ्यातला साधा माणूस कमरेचा पाना काढायचा, नट ढिला करायचा, फेस जाऊन स्वच्छ डिझेल आले की आवळायचा आणि हँडल मारायचा. कोणी मेस्त्रीची वाट पाहत बसत नसे, कारण तोवर पीक वाळले असते. मग विजेच्या मोटारी आल्या, इंजिने मोडीत गेली, आणि त्याबरोबर हातातली विद्याही गेली. आज दारात लाखोंची गाडी आहे, पण बॉनेट कसे उघडायचे ते ड्रायव्हरला विचारावे लागते. कागदोपत्री गाडी आपली. पण जिच्या पोटात काय आहे हे ठाऊक नाही, ती आपली कशी म्हणायची?

आता हा फिल्टर काय करतो ते थोडक्यात पाहू. टाकीतले डिझेल पंपाकडे जाण्याआधी फिल्टरातून जाते. आत घडीघडीचा कागद असतो. तो घाण अडवतो आणि पाणी वेगळे करतो. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते. ते सोडण्यासाठी बहुतेक फिल्टरांच्या बुडाला एक स्क्रू असतो. नव्या पिकअपमध्ये कॉमन रेल पद्धतीचे इंजिन असते. त्यात डिझेल १००० बारहून जास्त दाबाने नोझलला जाते. पिकअपच्या मागच्या टायरात जेवढा दाब असतो, त्याच्या २०० पटींहून हा जास्त झाला. एक मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, आणि नोझलच्या आतल्या फटी अवघ्या दोन-चार मायक्रॉनच्या! डोळ्यांना न दिसणारा कणही तिथे कानशीसारखे काम करतो. शिवाय या पंपाला वेगळे वंगण नसते, डिझेल हेच त्याचे वंगण. त्यात पाणी शिरले की पंप कोरडा घासतो आणि गंजतो. फिल्टरचे पैसे वाचवणारा पुढे नोझल आणि पंपाचे बिल पाहून डोक्याला हात लावतो.

आणि घाण येते कुठून? पुष्कळदा आपल्याच घरातून. पंपावरून कॅन भरून आणायचा, तोही काल औषध फवारणीला वापरलेला. नरसाळे गोठ्याच्या भिंतीला टांगलेले, त्यात धूळ आणि कोळ्याचे जाळे. बॅरल पावसात उघड्यावर उभा. वरच्या झाकणावर पाणी साचते, दिवसा तापून रात्री गार झाला की बुचाच्या फटीतून ते पाणी आत ओढले जाते. वर्षानुवर्षे बॅरलचा तळ कोणी धूत नाही. काही जण जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या पिंपात डिझेल ठेवतात. जस्ताचा डिझेलशी संयोग होऊन त्याचा गाळ फिल्टरात बसतो. दोष मात्र पंपाला, कंपनीला, नाहीतर इथेनॉलला. आपल्या कारखान्यांचे इथेनॉल मिसळतात ते पेट्रोलमध्ये. डिझेल फिल्टरातल्या पाण्याचा आळ त्याच्यावर घालणे बरोबर नव्हे. पंपाचा संशय असेल तर तिथल्या तिथे डिझेलची घनता तपासून मागा. तो ग्राहकाचा हक्क आहे. पण आधी आपला कॅन उपडा करून पाहा.

म्हणून कॅन डिझेलसाठी वेगळा ठेवा. नरसाळ्याला बारीक जाळी बसवा. बॅरल छपराखाली आडवा ठेवा, आणि तळाचे तीन-चार बोटे डिझेल काढूच नका. ट्रॅक्टरची टाकी सकाळी भरण्यापेक्षा संध्याकाळी काम संपल्यावर भरा. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव धरते, भरलेल्या टाकीत त्याला जागा राहत नाही.

आता प्रत्यक्ष काम. प्रत्येक गाडीची रचना थोडी वेगळी असते, म्हणून गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका आधी वाचावी. पण सर्वसाधारण रीत अशी :

१) गाडी सपाट जागी, मोकळ्या हवेत उभी करा. हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, किल्ली काढून खिशात टाका, बॅटरीची वजा बाजूची वायर सोडा. इंजिन पुरते गार होऊ द्या. जवळ विडी, काडी, चूल नको.

२) फिल्टरभोवतीची धूळ आधी फडक्याने स्वच्छ पुसा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि जी घाण अडवायची तीच उघड्या तोंडातून आत घालतात.

३) खाली पसरट भांडे ठेवा. बुडाचा स्क्रू ढिला करून पाणी आणि डिझेल त्यात सोडा. पाण्याचा सेन्सर असेल तर त्याची वायर हलक्या हाताने काढा. ओढाताण केली की प्लास्टिकची खिटी तुटते.

४) डिझेल येणारी आणि जाणारी नळी कोणती, हे सोडण्यापूर्वी खुणेने लक्षात ठेवा. मोबाइलवर फोटो काढलात तर उत्तमच. सोडलेल्या तोंडांना स्वच्छ प्लास्टिकची पिशवी आणि रबर लावा.

५) जुना फिल्टर काढा. पाना नसला तर स्क्रू-ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवायची आपल्याकडे पद्धत आहे. तो पत्रा फाडायचा धंदा करू नका, पट्ट्याचा पाना थोडक्या पैशांत मिळतो. जुने रबरी वायसर वर चिकटून राहिले नाही ना, ते बोटाने चाचपून पाहा. जुन्यावर नवे वायसर बसले की गळती ठरलेलीच.

६) नव्या फिल्टरचा नंबर जुन्याशी आणि पुस्तिकेशी जुळवून घ्या. दिसायला सारखा म्हणून बसतोच असे नाही. सेन्सर जुन्यावरून काढून नव्यावर बसवायचा असेल तर त्याचे वायसरही नवे घाला. वायसरला स्वच्छ डिझेलचे बोट फिरवा आणि फिल्टर हाताने बसवा. वायसर टेकल्यावर किती फिरवायचे हे बहुधा फिल्टरवरच छापलेले असते. त्यापुढे जोर दाखवू नका.

७) आता हवा काढायची. फिल्टरजवळ हातपंप असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबत राहा. टाकीत विजेचा पंप असेल तर बॅटरीची वायर जोडून किल्ली नुसती चालू करा, अर्धा मिनिट थांबा, बंद करा. असे चार-पाच वेळा. मग सेल्फ मारा, पण एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि मध्ये मिनिटभर विश्रांती द्या. बॅटरी आणि सेल्फ दोन्ही वाचतील.

८) गाडी चालू झाल्यावर पाच-दहा मिनिटे तशीच ठेवून गळती पाहा. फिल्टरवर खडूने नव्हे, न पुसणाऱ्या शाईने तारीख आणि किलोमीटर लिहा.

पहिल्या वेळी तास लागेल, दुसऱ्या वेळी अर्धा. मी स्वतः पहिल्यांदा केले तेव्हा हवा न काढताच सेल्फ मारत बसलो आणि शेवटी गाडी ढकलायला शेजाऱ्यांना बोलवावे लागले. ती फजिती चार माणसांत झाली, पण धडा कायमचा मिळाला.

इथे एक इशारा, आणि तो जुन्या जाणत्यांसाठी विशेष आहे. ऑइल इंजिनावर आणि जुन्या ट्रॅक्टरवर नोझलच्या नळीचा नट ढिला करून आपण हवा काढत होतो. कॉमन रेलच्या गाडीवर ती युक्ती कदापि करू नये. त्या नळीतला दाब एवढा असतो की डिझेलची सुईसारखी धार कातड्यातून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी जखम दिसते, पण आत हात सडू शकतो. तशी जखम झालीच तर हळद लावून घरी बसू नये, तडक दवाखाना गाठावा. तसेच नवा फिल्टर वरून कॅनमधले डिझेल ओतून भरायची सवय या गाड्यांना घातक. न गाळलेले डिझेल थेट स्वच्छ बाजूला जाते. फिल्टरपर्यंतचे काम आपले, पंप आणि नोझलचे काम मेस्त्रीचे, ही रेघ पक्की ध्यानात ठेवावी. पेट्रोल आणि सीएनजीच्या गाड्यांना तर ही रीत लागूच करू नये. तिथे आगीचा धोका मोठा.

आणखी एक. गाडी काळा धूर ओकत असेल तर आधी हवेचा फिल्टर पाहा. सगळ्या दुखण्यांना एकच औषध नसते, हे फवारणी करणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

याला विरोध करणारेही भेटतात. एक म्हणतात, वॉरंटी जाते. बरोबर आहे, वॉरंटीची मुदत असेपर्यंत काम कंपनीच्या गॅरेजमध्येच करावे आणि पावती जपून ठेवावी. पण आपल्या भागातल्या किती पिकअप आज वॉरंटीत आहेत? दुसरे म्हणतात, मेस्त्रीच्या पोटावर पाय येतो. मला तसे वाटत नाही. हंगामात चांगल्या मेस्त्रीला जेवायला सवड नसते. फिल्टरसारखी कामे घरी झाली तर ज्याचे इंजिन खरोखर खोलायचे आहे त्याला तो वेळेवर मिळेल. तिसरे म्हणतात, "जुना फिल्टर हवा मारून, पेट्रोलने धुऊन परत घातला की झालं." झालं नाही. हवेच्या झोताने कागद फाटतो, आणि फाटलेला फिल्टर दिसायला स्वच्छ असला तरी असून नसल्यासारखाच.

बदललेल्या फिल्टरातले डिझेल पाटात, विहिरीकाठी किंवा उकिरड्यावर ओतू नये, एवढे पथ्य मात्र पाळा. ते बंद डब्यात जमवून गॅरेजमध्ये जुन्या ऑइलबरोबर द्यावे. ज्या विहिरीचे पाणी पितो तिच्यात घाण करून गाडी स्वच्छ ठेवण्यात काही शहाणपण नाही.

शेवटी एक सूचना मांडतो. आपला कारखाना गळीत संपले की मिल उघडतो, रोलर तपासतो, पंप, बेअरिंग, साखळ्या पाहतो आणि मगच पुढच्या हंगामाला बॉयलर पेटवतो. हंगामाच्या मध्यावर मिल बंद पडली तर आपणच जाब विचारतो, आणि तो विचारलाच पाहिजे. मग तोडलेला ऊस घेऊन आपला ट्रॅक्टर रस्त्यात उभा राहिला, फडात टोळी बसून राहिली, मोळ्यांचे वजन आणि साखर दोन्ही उन्हात घटत गेली, तर जाब कोणाला विचारायचा? तोडीपासून गाळपापर्यंतच्या साखळीत आपली गाडी ही एक कडी आहे. ती कारखान्याच्या मिलइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.

म्हणून दर वर्षी गळीत हंगामापूर्वी प्रत्येक गट ऑफिसवर एक दिवस ठेवावा. कारखान्याच्या वर्कशॉपमधला एक जाणकार यावा, सभासदांनी आपली गाडी आणि आपला नवा फिल्टर घेऊन यावे, आणि त्याने सांगावे, पण हात सभासदाचेच काळे व्हावेत. तरुण मुलांना मुद्दाम आणावे. घरच्या लेकीसुना गाडी चालवत असतील तर त्यांनाही आणावे. भाषण नको, हार-तुरे नकोत. संचालक मंडळाने या सूचनेचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे. आमचे शेतकी खाते लागेल ती मदत करील.

त्या सभासदाचे पुढे काय झाले, तेही सांगतो. त्याने दिव्यावरचा स्टिकर काढला. पुढच्या लागणीच्या आधी घरच्या अंगणात मुलाला हाताशी घेऊन फिल्टर बदलला. बेणे सकाळी तोडून त्याच दिवशी सरीत गेले. मी प्लॉट पाहायला गेलो तेव्हा तो उसाविषयी न बोलता आधी मला गाडीपाशी घेऊन गेला आणि बॉनेट उचलून फिल्टरवर लिहिलेली तारीख दाखवली.

यंदा खंडेनवमीला हार जरूर घाला. पण त्याआधी बॉनेट उचला.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी